भांडण राण्यांचं नव्हतं

दशावतारातलं राज्य कुठल्याच नकाशात नसतं. राजा म्हातारा होतो, थोरल्या राणीचा एक आणि धाकटीचा एक असे गादीचे दोन दावेदार उभे राहतात, आणि पहाटेपर्यंत तलवारी खणखणतात. सगळ्या कटाचं मूळ म्हणून बहुधा एक राणीच दाखवलेली असते. ती भूमिका परंपरेनं पुरुषच करतो. लुगडं नेसून तो असा काही कावेबाज हसतो, की बायकांच्या बाजूलाही हशा पिकतो. कल्पनेतलंच राज्य, म्हणून सोडूनही दिलं असतं. पण आमच्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे खऱ्या राज्याचा इतिहास सांगतानाही हेच आख्यान लावतात. ‘राण्यांच्या भांडणात संस्थान खिळखिळं झालं!’ वीस वर्षांच्या उलथापालथीचा निकाल एका वाक्यात लागतो.

काय घडलं होतं ते आधी पाहू. तिसरे खेम सावंत १८०३ साली वारले. मागे राण्या होत्या, पण मुलगा नव्हता. गादी कुणाची, हा वाद दोन वर्षं चालला. १८०५ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब या लहान मुलाला दत्तक घेतलं. १८०७ साली त्या पोराचा बिछान्यातच गळा दाबून खून झाला. मग फोंड सावंत आले. १८१२ मध्ये त्यांनाही इंग्रजांशी तह करून वेंगुर्ला द्यावा लागला आणि त्याच वर्षी ते वारले. मागे पुन्हा एक लहान मुलगा, चौथा खेम सावंत. त्याच्या नावानं राणी दुर्गाबाई कारभार पाहू लागल्या. १८१९ च्या तहानं संस्थानानं इंग्रजांचं वर्चस्व मान्य केलं.

आता या हकिकतीत बायका कुठे उभ्या आहेत? लक्ष्मीबाई राणी होत्या, पण एकट्या लक्ष्मीबाईंच्या शब्दाला किंमत नव्हती. मांडीवर मुलगा आला, की त्याच शब्दाला शिक्का मिळणार. दुर्गाबाईंचंही तेच. बाईला सत्तेपर्यंत नेणारी वाट एकच ठेवली होती, आणि ती एका पोराचं बोट धरून जात होती. ते पोर मेलं किंवा मारलं गेलं, की बाई पुन्हा विधवांच्या खोलीत. मग प्रत्येक राणी ‘आपला’ मुलगा पुढे करणार, दुसरीच्या मुलाकडे संशयानं पाहणार, हे का तिच्या स्वभावात होतं? कुणालाही त्या जागी बसवा. सवती एकमेकींच्या वैरिणी असतात म्हणणाऱ्यांनी त्यांना एका घरात कुणी आणलं, हेही सांगावं. आणि भाऊसाहेबांचं काय? आपण राजा आहोत हे पुरतं कळायच्या आत तो मुलगा त्यासाठी मेला. वारसाच्या या कायद्यानं बायकांचंच वाटोळं केलं असं नाही.

आणखी एक गोष्ट. १८३८ साली इंग्रजांनी संस्थानचा कारभारच ताब्यात घेतला. तेव्हा गादीवर कुणी विधवा नव्हती, मोठे झालेले खेम सावंत होते. तरी ‘राजाच्या नाकर्तेपणात संस्थान गेलं’ असा वाक्प्रचार आमच्याकडे रुळला नाही.

ही खोड काही सावंतवाडीपुरती नाही. शहाजहानच्या चार मुलांनी १६५७-५८ मध्ये एकमेकांवर फौजा घातल्या. त्याला ‘पुरुषांची भांडणं’ कोण म्हणतो? ते वारसायुद्ध! पुण्यात १७७३ साली नारायणराव पेशव्याचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? ‘ध’ चा ‘मा’. एका अक्षराच्या दंतकथेनं सगळं पाप आनंदीबाईंच्या पदरात टाकलं. ताराबाईंनी १७०० नंतर सात वर्षं औरंगजेबाशी लढा दिला, तोसुद्धा चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून. स्वतः बसण्याची सोय नव्हती. पुढे १७१४ मध्ये राजसबाईंनी स्वतःच्या मुलासाठी त्यांना कोल्हापुरात कैदेत टाकलं, तेव्हा ‘बाईच बाईची शत्रू’ म्हणायला सगळे मोकळे.

आमच्या सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत एकशेवीस पानं, दहा अवतारांची. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि बाकी दहा पानं. राणीचं पानच नाही. खेळात ते चालतं. खऱ्या राज्यात मात्र राजा मेला, की तेच नसलेलं पान शोधून आणावं लागायचं. १९३७ साली बापूसाहेब महाराज गेले, शिवरामराजे लहान होते, तेव्हाही कारभार सांभाळला तो पार्वतीबाई राणीसाहेबांनीच. कुणाच्या वतीनं? मुलाच्या.

‘झालं ते झालं, आता कुठे राजे राहिले?’ असं म्हणाल. बाई, राजे गेले, सातबारा राहिला. कोकणातली जमीन सामाईक, एकेका उताऱ्यावर पंचवीस-तीस नावं. त्यात बहिणींची नावं बघा. वर्षानुवर्षं ती ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली. ‘चेडवाक कित्याक जमीन? तिका घोवाचा घर आसा.’ काजूची भरडी जमीन होती तोवर बहिणीची आठवणही होत नसे. रबर, अननसवाले आले, २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, तसे भाव चढले आणि भावाला बहीण आठवली. ती हक्कसोडपत्रावर सहीपुरती. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर चतुर्थीचं बोलावणं बंद. कायदा तर आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या बाहेर ठेवल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली. त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी चालेल, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

आणि दोडामार्गच्या बाजारातून चालत गेलं तर गोव्याची हद्द लागते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे मुलूखही एकेकाळी सावंतांचेच. अठराव्या शतकात ते पोर्तुगीजांकडे गेले. तिथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आला, त्यानं लेकीला लेकाइतका वाटा दिला आणि नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकायची बंदी केली. तिथेही भाऊ बहिणीकडून हक्क सोडवून घेतात, तो काही स्वर्ग नाही. पण तिथल्या बाईला ‘इतर’ कुणी म्हटलं नाही. एका राज्याचे दोन तुकडे झाले, आणि लेक कुठल्या तुकड्यात जन्मली यावर तिची जमीन ठरली.

तेव्हा यंदा चतुर्थीला माहेरी जाल तर उतारा मागा. कुणी देत नसेल तर गाव आणि गट क्रमांक घेऊन महाभूलेख संकेतस्थळावर स्वतः बघा, वारसाचा फेरफार कधी झाला, त्यात कुणाची नावं आली ते तपासा. आणि कोऱ्या कागदावर सही मागितली, तर भाऊ कितीही लाडका असला तरी पेन खाली ठेवा.