नव्वद टक्के कशाचे?

२०१३ साली झाइसची ‘ओटस ५५ एमएम एफ/१.४’ ही लेन्स आली, किंमत सुमारे चार हजार डॉलर. पुढच्याच वर्षी सिग्माने ‘५० एमएम एफ/१.४ आर्ट’ आणली, साडेनऊशे डॉलरच्या आसपास. तेव्हापासून या जोडीबद्दल एका धाटणीचा निकाल वारंवार ऐकू येतो: सिग्मा पाव किमतीत ओटसची नव्वद टक्के गुणवत्ता देते. वाक्य चटकदार आहे, पण हे नव्वद टक्के नेमके कशाचे? मध्यभागाच्या तीक्ष्णतेचे, कोपऱ्यांच्या, की रंगदोषाच्या? या गोष्टींची बेरीज होत नाही, म्हणून त्यांची टक्केवारीही निघत नाही. हा आकडा किमतीच्या चिठ्ठीकडे बघून सुचलेला असतो, आणि समीक्षकाच्या निःपक्षपातीपणाची पहिली परीक्षा मला इथेच दिसते: किंमत लेन्सच्या गुणांत मिसळली, की वेगळी मांडली?

एफ/५.६ला दोन्ही लेन्स इतक्या चांगल्या आहेत, की छापील चित्रावरून कोणती कुठली हे ओळखणं अवघड. फरक दिसतो तो अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना. ओटसची रचना अपोक्रोमॅटिक आहे. त्यामुळे चांदीच्या दागिन्यावरची चमक किंवा उन्हाविरुद्धची पानाची कड फोकसच्या जरा मागेपुढे गेली, तरी जांभळी-हिरवी झालर जवळजवळ दिसत नाही. सिग्मात ती थोडी दिसते. वरचे तीन हजार डॉलर मुख्यतः याचेच आहेत. सगळ्या अ‍ॅपर्चरची सरासरी काढून ‘जवळपास सारख्या’ म्हणणारा समीक्षक खोटं बोलत नाही, पण ज्यासाठी ओटस घ्यायची तेच झाकून टाकतो.

उलट बाजूचा अन्याय ट्रायपॉडवर होतो, आणि तो जास्त गंभीर आहे, कारण तो शास्त्रीय दिसतो. चाचणीच्या तक्त्यासमोर कॅमेरा घट्ट बसवायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठं करून हाताने फोकस लावायचा, ही रूढ पद्धत. काच मोजायला ती योग्यच आहे. पण ओटसला ऑटोफोकसच नाही, आणि या लेन्स ज्यांच्यासाठी निघाल्या त्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर एफ/१.४ची खरी खोली दाखवत नाही. तिथे डोळ्याने लावलेला फोकस बराचसा अंदाजच असतो. सप्तपदी चालू असताना वधूला ‘जरा थांबा’ कोण म्हणणार? ट्रायपॉड ही उणीव पुसून टाकतो. सिग्माचा ऑटोफोकस हुकतो या तक्रारीही त्याच चाचणीत गायब होतात. कंपनी लेन्स जुळवून घ्यायला वेगळा यूएसबी डॉक विकत होती, हे विसरू नये.

यावर कुणी म्हणेल, समीक्षकाकडे एकच नग असतो, वेळ थोडा, सगळं कसं तपासणार? मान्य. लेन्स भाड्याने देणाऱ्या ‘लेन्सरेंटल्स’च्या रॉजर सिकालांनी एकाच मॉडेलचे अनेक नग तपासून त्यांच्यातला फरक वर्षानुवर्षं दाखवला आहे. ते एकट्यादुकट्याला परवडणारं नाही. पण ‘एकच नग पाहिला’ हे लिहायला पैसे पडत नाहीत. चारही कोपरे ताडून पाहिले, तर लेन्सचा एखादा भाग तिरका बसला आहे का, याचाही अंदाज येतो. आणि एक नग पाहणाऱ्याने केसभर फरकावर क्रमवारी लावू नये. दुसरा आक्षेप, कंपनीने पाठवलेल्या लेन्सवर प्रामाणिक लिहिता येतं का, हा. कंपनी नग निवडून पाठवू शकते, म्हणून लेन्स कुठून आली ते सांगायलाच हवं. मात्र स्वतःच्या खिशातून चार हजार डॉलर घातलेला माणूस तटस्थ असतो, हाही भाबडेपणाच. त्याला आपली खरेदी योग्य ठरवायची असते.

माझ्यापुरता निकाल असा: उघड्या अ‍ॅपर्चरला, स्थिर विषयासाठी ओटस निर्विवाद वरचढ, हलत्या माणसांसाठी, ऑटोफोकस जुळवून घेतला असेल तर, सिग्मा. पुढची तुलना हाती आली की चाचणी कशी घेतली तो परिच्छेद आधी शोधा. सापडला नाही, तर गुणांचा तक्ता वाचू नका.