संघ गेला, नाव राहिलं

मी सिअ‍ॅटलमध्ये राहतो, सुपरसॉनिक्सचा जुना चाहता आहे. तरीही ओक्लाहोमा सिटीच्या लोकांना आमच्याकडे आजही जी दूषणं दिली जातात, ती मला पटत नाहीत.

४१ हंगाम इथे खेळलेला, १९७९ मध्ये एनबीए जिंकलेला आमचा बास्केटबॉल संघ २००८ च्या जुलैत तिकडे गेला. मालक क्ले बेनेट यांना नवं स्टेडियम हवं होतं, ते मिळालं नाही. शहर कोर्टात गेलं आणि ४.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ते पैसे कधीच संपले असतील. मोलाचं ठरलं ते दुसरं कलम: नाव, हिरवा-पिवळा रंग आणि करंडक सिअ‍ॅटलचेच राहतील.

त्यामुळे ओक्लाहोमाला नवं नाव घेऊन उभं राहावं लागलं, ‘थंडर’. २९ ऑक्टोबर २००८ रोजी फोर्ड सेंटरमधल्या पहिल्याच सामन्यात मिलवॉकीने त्यांना ११ गुणांनी हरवलं. पहिल्या तेरा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांना काढून स्कॉट ब्रूक्स यांना नेमलं, तरी डिसेंबर सरत आला तेव्हा हिशेब होता ३ विजय, २९ पराभव! संघातला केविन ड्युरांट जेमतेम विशीतला. रसेल वेस्टब्रुकला तर सिअ‍ॅटलनेच निवडलं होतं, पण तो आमच्या जर्सीत एकही सामना खेळला नाही. हंगाम संपला २३-५९ वर.

आणि लोक येत राहिले. संघ येण्याआधी, २००८ च्या मार्चमध्येच त्यांनी स्टेडियमच्या डागडुजीसाठी विक्रीकरातला एक सेंट आणखी काही काळ भरायला मतदानाने होकार दिला होता. संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत खाली बसायचं नाही, ही तिथल्या प्रेक्षकांची रीत आहे. ही माणसं आमच्या १९७९ च्या करंडकाकडे बघून आली नव्हती. उसन्या नावाची त्यांना गरजच पडली नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की सिअ‍ॅटलला भांडून मिळालं ते प्रत्येक शहराला नियमाने मिळावं. मिनियापोलिसचं ‘लेकर्स’ १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेलं, न्यू ऑर्लिन्सचं ‘जॅझ’ १९७९ मध्ये युटाला. मागे राहिलेल्यांनी मुलांना काय दाखवायचं? २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचा किंग्ज संघ सिअ‍ॅटलला यायच्या बेतात होता. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेऊन तिथेच ठेवला, तेव्हा इथे अनेकजण हळहळले. मला मात्र बरं वाटलं. दुसऱ्या गावाचं घर मोडून आपलं मांडायचं नव्हतं.

शार्लटला ‘हॉर्नेट्स’ हे नाव परत मिळालं ते २०१४ मध्ये, संघ न्यू ऑर्लिन्सला गेल्यानंतर १२ वर्षांनी, आणि तेही न्यू ऑर्लिन्सने आपणहून सोडलं म्हणून. हे मालकांच्या मर्जीवर सोडू नये. संघ हलवायला मंजुरी देतानाच एनबीएने ही अट लेखी घालावी.