आधी बघ, मग उघड

जुनी मोटारसायकल घेणाऱ्याला दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला, "विकून टाक!" आणि दुसरा, "अमुक एक पार्ट बदल, मग बघ कशी पळते ती!" पहिला सल्ला मी मानला नाही, याचे मला दुःख नाही. दुसरा मात्र सहा महिने मानत राहिलो. त्यापायी पैसे गेले, वेळ गेला आणि गेल्या सत्रात कॉस्ट अकौंटिंगच्या पेपराची पहिली पंचवीस मिनिटेही गेली. म्हणून हा लेखप्रपंच.

माझी गाडी म्हणजे 1989 सालची बुलेट. लोखंडी इंजिन, एकच सिलिंडर, 346 सीसी. हे मॉडेल मूळचे इंग्लंडचे. 1955 पासून ते त्या वेळच्या मद्रासला तयार होऊ लागले. गाडीत कॉम्प्युटर नाही की सेन्सर नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्ब्युरेटर, सगळे डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे. खानापूरहून रोज कॉलेजला येण्यासाठी ती घेतली.

दुखणे असे होते. सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. देसूर मागे पडेपर्यंत तक्रार नाही. मच्छे जवळ आले की ठसकायला लागायची आणि दोन-चार आचके देऊन बंद पडायची. वीस मिनिटे झाडाखाली उभी केली की पुन्हा जणू काही झालेच नव्हते! पेपराच्या दिवशीही तिने हाच नेम पाळला.

आता माझा जमाखर्च बघा. प्लग 150 रुपये, कार्ब्युरेटर 2,300, कॉइल 850, बॅटरी 1,400. शिवाय "इंजिनाला मोकळा श्वास मिळेल" म्हणून कुणीतरी सुचवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर 2,200. एकूण 6,900. हे पैसे सुट्टीत एका दुकानात हिशेब लिहून मिळवलेले होते.

गंमत अशी की, प्रत्येक पार्ट बदलल्यावर गाडी सुरू होत होती! आम्ही टाळ्या देत होतो. पार्ट आणून बसवीपर्यंत इंजिन गार झालेले असे, आणि गार इंजिन तसेही सुरू होतच होते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. काम थंडाव्याने केले, श्रेय मात्र नव्या पार्टला मिळाले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर हे आधी कळायला हवे होते. तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर असे नाही, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. एक चूक दुसरीला झाकते आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येते. परीक्षेत हे उत्तर लिहून मी गुण मिळवले आहेत. रस्त्यावर मात्र ते आठवले नाही.

शेवटी गाडी ढकलत उद्यमबागेत एका मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी लगेच पाना हातात घेऊन कार्ब्युरेटर सोडवायला वाकलो, तसे ते म्हणाले, "मोदल नोड तम्मा, आमेल बिच्च!" म्हणजे, बाळा, आधी बघ, मग उघड. (उच्चार चुकला असेल तर याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी सांभाळून घ्यावे.)

अण्णांनी गाडीला हातही लावला नाही. मला म्हणाले, "बंद पडेपर्यंत फिरव आणि पडली की लगेच हाक मार." अर्ध्या तासाने ती पडली. आता खरी तपासणी सुरू झाली, दोष हजर असताना! पहिल्यांदा त्यांनी टाकीचे झाकण उघडून किक मारायला लावली. झाकणाचे हवेचे भोक बुजले तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही. तेव्हा झाकण उघडताच गाडी सुरू झाली असती. झाली नाही. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, पेट्रोल आले. म्हणजे पेट्रोलचा मार्ग निर्दोष. किकला पायाखाली दाब चांगला लागत होता, म्हणजे कॉम्प्रेशन ठीक. उरली ठिणगी. प्लग काढून इंजिनाच्या हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी आली, पण पिवळट, मेलेली. मग पॉइंटचे झाकण काढले. पॉइंटच्या दोन टोकांमध्ये मात्र लखलखाट चालला होता!

पॉइंट उघडताच कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला पाहिजे, तरच प्लगला जोरकस ठिणगी मिळते. त्या क्षणी पॉइंटवर उसळणारी वीज पोटात घेणे हे कंडेन्सरचे काम. तो तापल्यावर निकामी झाला की ही वीज पॉइंटवरच जळून जाते आणि प्लगपर्यंत जोर पोहोचत नाही. गार झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. अण्णांनी जुन्या कंडेन्सरची वायर सोडवली, दुसरा एक वायरने बाहेरच लटकवला आणि किक मारली. गरम गाडी पहिल्या किकला सुरू! जुना कंडेन्सर मूळ गाडीचा नव्हताच. पूर्वी कुणीतरी मिळेल तो हलका माल बसवला होता. नव्याची किंमत 120 रुपये.

यातून माझे एक मत झाले आहे, ते स्पष्ट मांडतो. आपण दुरुस्ती आणि सुधारणा यांत गल्लत करतो. दोष सापडत नाही, म्हणून नवीन काहीतरी बसवतो आणि त्याला सुधारणा म्हणतो. जी गाडी मुळात होती तशी चालत नाही, तिची सुधारणा होऊच शकत नाही. त्या सायलेन्सरचेच बघा. आवाज वाढला, ताकद वाढली नाही. धूर मोकळा गेल्याने हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले आणि प्लग पांढरा दिसू लागला. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असे मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि गल्लीतल्या आजारी माणसाला त्या आवाजाचा काय त्रास होतो, ते वेगळेच. मी तो उतरवला आणि जुना पुन्हा चढवला.

मग सुधारणा म्हणजे काय? पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवणे. अर्थिंगची कुजलेली वायर बदलणे. ब्रेकचे शू आणि केबल नवी घालणे. वेगाआधी थांबणे सुधारले पाहिजे. आणि एक आजच्या काळाची. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल पुरे जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 च. म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होऊन इंजिन अधिक तापते; जुने रबरही फुगते. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने इथेनॉलला नावे ठेवू नयेत. पण पेट्रोलची नळी बदलावी आणि प्लगचा रंग बघत जेट किंचित मोठा करावा. या सगळ्यातले काहीही रस्त्यावरून दिसत नाही. म्हणूनच बहुधा ते कुणी करत नाही.

कुणी म्हणेल, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले, नव्या गाड्यांत इंजेक्शन आहे, दोष यंत्रच सांगते. मग हा खटाटोप कशाला? पण यंत्र फक्त खूण दाखवते. त्या खुणेमागे वायर तुटली आहे की सेन्सर गेला आहे, हे शेवटी माणसालाच बघावे लागते. न बघता बदलणारा तिथेही बदलतच राहणार, आणि तिथले पार्ट 120 रुपयांना मिळत नाहीत.

माझी एक छोटी सूचना आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांनी एक वही घालावी. तारीख, किलोमीटर, दोष गार असताना की गरम असताना, काय तपासले, काय बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोष पुन्हा आणून बघितल्याशिवाय "दुरुस्त" असे लिहू नये. तोवर ती नोंद उचंत खात्यातच राहू द्यावी. कीर्द आणि खतावणी शिकणाऱ्यांना हे अवघड नाही.

माझ्या वहीत पहिली नोंद 6,900 रुपयांची आहे. ती मी खोडलेली नाही. दुसरी 120 रुपयांची आहे. अण्णांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, पुढच्या वेळी तूच शोधून सांग. मागच्या आठवड्यात एका मित्राची गाडी कॉलेजच्या फाटकाशी बंद पडली. तो प्लग आणायला धावणार होता. मी त्याला थांबवले आणि आधी टाकीचे झाकण उघडायला सांगितले.