मोफत उपचारांचे न दिसणारे बिल

फुकट मिळालेल्या उपचारांचे बिल रुग्णाला कशासाठी दाखवायचे, असा प्रश्न आजही सहज विचारला जातो. माणूस बरा झाला, मग हिशोबाची उठाठेव कशाला? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली आणि २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देऊ केले गेले. या एवढ्या मोठ्या व्यवहारात ज्याच्या देहावर उपचार होतात, तोच हिशोबाबाहेर राहिला आहे.

आरोग्यमित्र कागदपत्रे पाहून नोंद करतो, रुग्णालय ठराविक पॅकेजसाठी पूर्वपरवानगी मागते, उपचार होतात आणि दावा संगणकावरून पैसे देणाऱ्या यंत्रणेकडे जातो. रुग्ण मधूनमधून सह्या करतो, एवढेच. (अक्षरशून्य शेतकरी कागदपत्रांत कसा नाडला जातो, हे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ज्यांनी मांडले, त्यांचेच नाव या योजनेला असावे!)

पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, जेवण हे सारे धरलेले असते. पण ते रुग्णाच्या नातेवाइकाला लेखी कोण सांगतो? 'योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर वरचे पैसे भरा,' असे ऑपरेशनच्या दाराशी सांगितल्यावर तो कर्ज काढतो. स्टेंटचा खर्च योजनेतच असतो आणि त्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, हे त्याला ठाऊक नसते. अनामत म्हणून घेतलेल्या पैशांची पावती साध्या चिठ्ठीवर मिळाली, तर पुढे तक्रार कशाच्या आधारे करायची?

नुकसान सरकारचेही आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान योजनेच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर दिसले. आधी मृत म्हणून नोंदलेल्यांवर पुढे उपचार झाल्याचेही दावे आढळले. जिथे क्रमांकच खोटा, तिथे मोबाइलवर संदेश पाठवून पारदर्शकता कशी येणार? पोटावर खरोखर टाके पडले की नाही, हे रुग्णाइतके खात्रीने कोणता लेखापरीक्षक सांगू शकेल? दाव्यात काय लिहिले आहे, ते मात्र त्याला कोणी विचारत नाही.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. दर परवडत नाहीत, दाव्यांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार जुनी आहे आणि निराधार मुळीच नाही. पण ती तूट रुग्णाकडून गुपचूप भरून काढली, की दर वाढवून देण्याची निकडच सरकारला वाटेनाशी होते. उघड बिलात ती तूट निदान कागदावर येईल.

म्हणून घरी सोडताना एक पान मराठीत द्यावे. पॅकेजचे नाव, त्यात काय आले, सरकारकडे मागितलेली रक्कम, कुटुंबाच्या ५ लाखांतून उरलेली शिल्लक, रुग्णाकडून घेतलेला प्रत्येक रुपया व त्याचे कारण, आणि खाली तक्रारीसाठी १५५३८८ हा क्रमांक, एवढे पुरे. वाचता न येणाऱ्याला आरोग्यमित्राने ते वाचून दाखवावे. दाव्याला या पानाची सही केलेली प्रत जोडलेली नसेल तर पैसे सुटणार नाहीत, ही अट रुग्णालयांशी होणाऱ्या करारातच घालता येईल. त्यासाठी नवा कायदा नको आणि आणखी एक ॲपही नको.