मॉरिशसचा ऊस आणि बोरीची वीज

कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात; ती कोणत्या उद्रेकाची, याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. समुद्रापारच्या बेटावरील अग्नी येथवर एकदा येऊन गेला आहे. आज गरज आहे ती दुसऱ्या एका बेटाच्या अनुभवाची.

हे बेट म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांनी तेथील उसाच्या मळ्यांत घाम गाळला. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. कोळसा नाही, तेल नाही, अशा या देशाने उसाच्या भुशापासून वीज करण्याचे धोरण 1991 मध्ये पद्धतशीरपणे हाती घेतले. परंतु त्यातील मेख अशी, की गळीत हंगाम संपला की भुसा संपतो आणि त्याच बॉयलरांत आयात कोळसा घालावा लागतो. पुढे युरोपातील साखरेचा संरक्षित भाव गेला, उसाचे क्षेत्र आटले, कारखाने मोजके उरले आणि भुसाही कमी झाला. 2030 पर्यंत कोळसा बंद करून साठ टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळविण्याचा संकल्प त्या देशाने सोडला होता. तो केवळ उसाच्या बळावर तडीस जाणार नाही, हे तेथे उमगले आहे.

जुन्नर-आंबेगावातही विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी कारखाने सहवीजनिर्मिती करतात. ती स्तुत्यच आहे. परंतु जो शेतकरी कारखान्याला ऊस घालतो, त्याच्याच मोटरीला जेथे आठवड्याचे काही दिवस केवळ रात्री थ्री-फेज वीज मिळते, तेथे त्याला अंधारात दारे धरावयास जावे लागते. त्याच उसात बिबट्या वाढतो, पिले घालतो. 2024 मध्ये जुन्नर वनविभागातील 233 गावे बिबट-आपत्तीप्रवण ठरविण्यात आली. दिवसा वीज द्या, ही मागणी येथे सोयीची नसून जिवाची आहे.

त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल शासनाने माफ केले. बिल माफ झाले. रात्र माफ झाली नाही. फुकट वीज रात्री दोन वाजता मिळणार असेल, तर तिची किंमत शेतकरी निराळ्या चलनात मोजतो.

यावर उपाय उपलब्ध आहे. सौर कृषिवाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली. तिचा आरंभीचा प्रयोग शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला झाला. सौरविजेचा दोष असा सांगितला जातो, की ती रात्री नसते. पाणी उपसणाऱ्याला तर ती दिवसाच हवी! येथे महागड्या बॅटरीची गरज नाही. दिवसा भिजलेले रान हीच साठवण.

अडचण जमिनीची आहे. कुकडीच्या पाण्यावर भिजणारे काळे रान पॅनेलखाली कोणी घालणार नाही, घालूही नये. गायरानाकडे सरकारी बोट चटकन वळते. पण त्यावर मेंढपाळांची आणि भूमिहीनांची जनावरे चरतात, याचा विसर पडू देता कामा नये. त्याऐवजी आणे-पेमदऱ्याच्या पठाराचा विचार व्हावा. धरणांच्या या तालुक्यात ते पठार तहानलेले राहिले. ऊन मात्र तेथे मुबलक आहे. 2023 च्या सुधारित योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ मिळते. कोरडवाहू बाजरीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे. ज्यांना पाणी मिळाले नाही, त्यांच्या माळरानावरील उन्हाने पाणी मिळालेल्यांच्या मोटरी चालाव्यात, आणि भाडे मात्र मध्यस्थाच्या नव्हे, त्यांच्याच खात्यात जावे. खाजगी कंपनीऐवजी कारखान्याच्या सभासदांनीच हा प्रकल्प सहकारी तत्त्वावर का उभारू नये, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेत साखरेच्या भावाआधी विचारला गेला पाहिजे.