बांध ओलांडला की चार

गेल्या रविवारी सकाळी आमच्या आळीतल्या रेशन दुकानासमोर पोरांची रांग लागली होती. कुणाच्या हातात पिशवी नाही, कार्ड नाही. दुकानदाराने तांदळाच्या गोणी तोलायचा काटा ओट्यावर आणून ठेवला होता आणि एकेक पोरगा बनियन-चड्डीवर कुडकुडत त्यावर चढत होता. किशोर गटाची कबड्डी. वजन 55 किलोच्या आत हवं, तरच नाव यादीत. एकाचा आकडा 55 किलो 300 ग्रॅमवर थांबला. उतरून पुन्हा चढला, बनियन काढून चढला, आकडा तोच. मग मंडळाच्या दादाने त्याला सांगितलं, "जेट्टीपर्यंत पळत जा नि पळतच ये. वाटेत पाणी प्यायचं नाही." पोरगा निघाला. तासाभराने आला तेव्हा मतलई वाऱ्यातही त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. काट्यावर उभा राहिला, 54 किलो 900. पाव घ्यायला आलेल्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत आमच्याकडे असं वातावरण असतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि लोक कानटोप्या बाहेर काढतात. वालाच्या शेंगा भरल्या की संध्याकाळी शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, ओवा, खडेमीठ. मडकं पालथं घालून त्याभोवती पेंढा पेटवायचा. भात झोडून झालेलं असतं, कणगी भरलेली असते, बाप मंडळी जरा मोकळी असतात आणि पोरांचे खेळ सुरू होतात. रायगड जिल्ह्यात कबड्डी नाही असं गाव शोधावं लागेल. ग्रामदेवतेच्या नावाचा चषक, देवळासमोर माती चाळून, पाणी मारून, चोपून तयार केलेलं मैदान, बांबूंना बांधलेले दिवे. रात्री अकरा वाजता शेवटची चढाई चालू असताना म्हाताऱ्या बायकाही गोधडी पांघरून बसलेल्या असतात आणि पकड कुठे चुकली ते त्यांना पंचाच्या आधी कळतं.

कबड्डीचं त्यातल्या त्यात बरं आहे. पुरुषांच्या सामन्याला 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद एवढीच जागा पुरते, ती देवळाच्या अंगणात निघते. क्रिकेटला तेवढ्यात भागत नाही.

आम्ही लहानपणी ज्या शेतात खेळलो त्याला बोरीखालचं शेत म्हणत. कापणी झाली की दोन दिवस पोरं वाकून धसकटं काढायची, मधली पट्टी पाण्याने भिजवून ठोकायची. चारही बाजूंनी बांध होता. चेंडू घरंगळत बांधाला लागला की दोन, बांध ओलांडला की चार, बोरीच्या पलीकडे गेला की सहा. मालक स्वतः बांधावर बसून बिडी ओढत सामना बघायचे. वाल पेरायला उशीर झाला तरी कधी बोलले नाहीत. अट एकच, बांध फोडायचा नाही. खारेपाटातल्या माणसाला बांधाची किंमत कुणी सांगावी लागत नाही. एका रात्रीच्या उधाणात बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे भात धड होत नाही.

आज त्या शेताला भिंत आहे. दहा फूट उंच, वर काच. आत हिरवळ आहे, तरणतलाव आहे. मालकांनी शेत विकलं म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. मुलीचं लग्न होतं, दवाखान्याचं कर्ज होतं आणि गुंठ्याला जो भाव आला तो भाताने तीन पिढ्यांत दिला नसता. ज्यांनी घेतलं तेही सज्जन आहेत, गणपतीला वर्गणी देतात. पण वर्षातून ते इथे फार तर पंधरा दिवस असतात, आणि पोरं 365 दिवस असतात. चेंडू आत गेला की राखणदार देतो, पण त्याला हाका मारमारून. तो मागच्या बाजूला असला तर सामना तिथेच संपतो.

आमच्या याच अलिबाग तालुक्यात चरी गावाने नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून 1939 पर्यंत संप केला. खोतांची जमीन कसायची नाही म्हणून सहा वर्षं शेतं पडीक ठेवली, जंगलातून लाकूडफाटा आणून विकला आणि पोटं भरली. त्या पिढीने जी जमीन कुळाच्या नावावर आणायला हाल काढले, ती आमच्या पिढीच्या हातून एकेका सहीने गेली. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं. सह्या करणाऱ्यांत माझ्या घरचेही आहेत.

मांडवा म्हटलं की बाहेरच्या माणसाला 'अग्निपथ' आठवतो. 1990 चा किंवा 2012 चा, ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे. लाँचमधून उतरलेले पाहुणे मला विचारतात, ते गाव कुठे आहे? 2012 च्या सिनेमातलं मांडवा दीवला उभं केलं होतं. आमचं मांडवा पाहायचं असेल तर सोमवारी यावं. पहाटे अंधारात जेट्टीवर उभी असलेली माणसं बघावीत. मुंबईत नर्स असलेली मुलगी, कॉलेजची पोरं, डबा घेऊन फोर्टातल्या कचेरीत जाणारे, टोपलीत पांढरा कांदा नि तोंडली घेतलेली बाई. गेटवे समोर दिसतो तेवढ्या अंतरावर. रस्त्याने हेच अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं, आणि वडखळच्या नाक्यावर किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो.

गेटवेच्या लाँच मे संपता संपता बंद होतात आणि पावसाळाभर बंदच असतात. दर्या खवळलेला असतो, त्याला इलाज नाही. रेवसवरून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच खाडीच्या आडोशाने चालते, तिचाच आधार. 2019 च्या जुलैत माझ्या थोरल्या भावाच्या छातीत रात्री दुखायला लागलं. अलिबागला नेलं, तिथून मुंबईला हलवा म्हणाले. पाऊस, खड्डे, वडखळ, मग हायवेवर अपघात झालेला ट्रक. घरातून निघाल्यापासून मुंबईच्या खाटेवर पडेपर्यंत साडेसहा तास गेले. गेटवेचे दिवे आमच्या किनाऱ्यावरून दिसतात. वहिनी रुग्णवाहिकेत एकच वाक्य बोलत होती, "भावोजी, समोर तर आहे ओ मुंबई." भाऊ वाचला. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

म्हणून 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली तेव्हा आम्ही जेट्टीवर नारळ फोडला, आणि तो मनापासून फोडला. गाड्या पोटात घेऊन तासाभरात येणारी ती मोठी बोट पावसातही हवा बघून चालते. भावासारखा माणूस आता तिच्यातून जाऊ शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी कुणालाही कमी लेखू देणार नाही. रेवस-करंजा पुलाचंही काम आता खाडीत दिसू लागलंय. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे 1980 सालापासून, या पुलाच्या गोष्टी ऐकत आम्ही म्हातारे झालो.

पण शनिवारी सकाळी रो-रोतून उतरलेल्या गाड्या त्याच जुन्या दुपदरी रस्त्याला लागतात. चोंढीच्या नाक्यावर रांग उभी राहते. त्याच रांगेत एसटी असते, दूधवाला असतो, बाळंतपणाला निघालेली रिक्षा असते. आठवड्याअखेर आमच्या आळीतल्या नळाचा जोर जातो. जेट्टीकडच्या झुडपांत बाटल्यांचा खच पडतो आणि सोमवारी तो शाळेतली पोरं गोळा करतात. पाहुणे यावेत, त्यांच्यावर अनेक घरं चालतात. माझ्या पुतण्याची रिक्षाही त्यांच्यावरच चालते. माझं दुखणं वेगळं आहे. इथे काहीही नवीन करायचं ठरलं की ते शनिवारी येणाऱ्या माणसाला नजरेसमोर ठेवून ठरतं. बंदर सुधारायचं ते त्याच्यासाठी, दिवे लागतात ते त्याच्या वाटेवर, किनाऱ्यावर बाकं बसतात ती त्याने सूर्यास्त बघावा म्हणून. सोमवारच्या माणसाने काय मागितलं, हे विचारायला कुणी आळीत आलेलं मला आठवत नाही. सोमवारच्या माणसाचं पोर संध्याकाळी पाच वाजता कुठे खेळतं, हे तर नाहीच.

माझा भाचा कॅनडात एडमंटनला असतो. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर उणे सव्वीस. मी म्हटलं, "अरे, घरात बस." तर म्हणाला, "मामा, आज माझी पाळी आहे, बर्फाला पाणी मारायची." त्याने फोन फिरवून दाखवलं. लाकडी फळ्यांचं कुंपण घातलेला चौक, वर दिवे, आणि टोपीत नाक दडवलेली चार-पाच माणसं मोठी नळी घेऊन जमिनीवर पाणी सोडतायत. पाणी पडतं आणि गोठतं, त्यावर पुन्हा एक थर. सकाळी मोहल्ल्यातली पोरं त्यावर स्केटिंग करणार, हॉकी खेळणार. तिथे मोहल्ल्यामोहल्ल्यात रहिवाशांची मंडळं आहेत, पहिलं 1917 साली निघालं आणि आज दीडशेच्या वर आहेत. मैदान, छोटा हॉल आणि हिवाळ्यात हा बर्फाचा चौक मंडळाने राखायचा. भाच्याचं मूल अजून दीड वर्षाचं आहे, तरी तो रात्री दहाला नळी धरून उभा होता. मला आमची पोरं आठवली, कबड्डीच्या मातीला पाणी मारणारी. काम तेच. फरक एवढाच की त्याच्या पायाखालची जागा खेळासाठी म्हणून कागदावर राखलेली आहे. उद्या कुणी तिथे भिंत घालणार नाही.

आमच्याकडे तो कागद नाही. शासनाची क्रीडांगण विकासासाठी अनुदान योजना आहे, पण अनुदान मागायला आधी मैदान ताब्यात असल्याचा पुरावा लागतो. जागा नाही म्हणून अनुदान नाही, असा जाब आमच्या पोरांना मिळाला. अजूनही गावोगाव गुरचरणाचे तुकडे शिल्लक आहेत. गुरं कमी झाली म्हणून ते कुणाच्या नजरेत भरण्याआधी त्यातला एक तुकडा सातबाऱ्यावर 'खेळाचे मैदान' म्हणून नोंदवून घ्या, एवढंच माझं मागणं आहे. दोन एकर पुरे. स्टेडियम नको, गॅलरी नको, कोनशिलाही नको. पाणी आणि दोन दिवे द्या, बाकीचं पोरं करतील. गेल्या तीन ग्रामसभांना मी हा विषय मांडला आणि चौथ्याही मांडणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत उभं राहून हेच मागावं. विषय इतिवृत्तात लिहून घेतला की नाही हे उठायच्या आत वाचून बघावं, कारण पहिल्या वेळी आमचा लिहिलाच गेला नव्हता.

टेनिस चेंडूच्या क्रिकेटकडे आता रिकामटेकड्यांचा खेळ म्हणून बघून चालणार नाही. आमच्या पट्ट्यातले सामने यूट्यूबवर थेट दिसतात, आगरी बोलीत समालोचन चालतं आणि आखातात नोकरीला गेलेली पोरं ते रात्र जागून बघतात. 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर याच चेंडूची मोठी स्पर्धा भरली, लिलाव होऊन खेळाडू घेतले गेले. गावातल्या पोरांनी ते बघितलंय. भारताकडून खेळलेल्या क्रिकेटपटूंची घरं याच तालुक्यात झाली आहेत, तेही पोरं जाता-येता बघतात.

मैदान मिळेपर्यंत किनारा आहे. तो मात्र कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, आणि दिवसातले काही तासच आमचा असतो. बैलगाडीवालेही त्याच्याचकडे डोळे लावून असतात. 2014 साली शर्यती बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी दिली, तेव्हापासून रेवदंड्यापर्यंतच्या ओल्या वाळूवर पुन्हा चाकोऱ्या उमटू लागल्या. त्यात एटीव्हीच्या फेऱ्या आल्या. ओहोटीच्या चार-पाच तासांत सगळ्यांनी आपापलं उरकायचं.

पोरांना मी एक हिशेब शिकवलाय, माझ्या आजोबांनी मला शिकवलेला. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल त्या वाजता भरती. आज चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी पार उतरलेलं. सात वाजताच दारात हाक आली, "काका, येताव ना?" मी खुर्ची घेऊन गेलो तेव्हा पाणी अजून मागे सरत होतं, खांदेरीचा किल्ला धुक्यात अर्धा दिसत होता. ते 300 ग्रॅम पळवून लावणारं पोरगं आधीच आलेलं. हातातल्या काठीने ओल्या वाळूत तो चारी बाजूंनी खोल रेघ ओढत चालला होता. मी विचारलं, "हे काय रे?"

"बांध," तो म्हणाला, आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळला.