मंगळ की शुक्र? आधी सातबारा कोणाचा ते सांगा!

परग्रहावर मानवी वसाहत ही गोष्ट आता कथा-कादंबऱ्यांपुरती राहिलेली नाही. जगातले धनाढ्य लोक त्यासाठी अग्निबाणांचे कारखाने चालवीत आहेत. अशा विषयावर 'आधी पोटाचे बघा' असे म्हणून हात झटकण्याची रीत आपल्याकडे आहे. आम्हाला ती मान्य नाही. जमिनीचे वाटप होऊन गेल्यावर जो उशिरा येतो त्याच्या वाट्याला गावाबाहेरची जागा येते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून या दाव्याची तपासणी आजच झाली पाहिजे.

प्रथम शुक्राची बाजू पाहू. आकाराने तो जवळजवळ पृथ्वीएवढा, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ९० टक्के. अंतराच्या दृष्टीनेही तोच सर्वात जवळ येणारा ग्रह, सुमारे ४ कोटी किलोमीटरपर्यंत. परंतु त्याच्या जमिनीवर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आहे. तिथे शिसे वितळते. हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-१३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरले आणि १२७ मिनिटे टिकले. यंत्राची ही गत, तर माणसाचे काय?

शुक्राचे वकील म्हणतात, जमीन सोडा, ढगांत राहा. म्हणण्यात तथ्य आहे. सुमारे ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर दाब आणि तापमान पृथ्वीच्या जवळ येते. तिथली हवा इतकी जड की आपण श्वासात घेतो ती हवा भरलेला फुगाही तरंगेल. १९८५ मध्ये व्हेगा मोहिमेचे दोन फुगे त्या ढगांत सुमारे दोन दिवस तरंगले. नासाचे शास्त्रज्ञ जेफ्री लँडिस यांनी २००३ मध्ये तरंगत्या वस्तीची कल्पना मांडली. पण हे ढग सल्फ्युरिक आम्लाचे आहेत, पाणी नाममात्र आहे, आणि पाय टेकायला भुई नाही.

आता मंगळ. दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. ध्रुवांवर आणि जमिनीखाली पाण्याचा बर्फ आहे. उभे राहायला जमीन आहे. पण हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, गुरुत्वाकर्षण अवघे ३८ टक्के. संपूर्ण ग्रहाला चुंबकीय कवच नाही, त्यामुळे किरणोत्सर्ग थेट अंगावर. मातीत परक्लोरेट हे घातक क्षार आहेत, हे फिनिक्स यानाने २००८ मध्ये दाखविले. पृथ्वीवरून निघण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते. म्हणजे आजारी पडलात तर 'पुढच्या गाडीने' परत येण्याची सोय नाही.

हवेचाच हिशेब घ्या. पर्सिव्हिअरन्स गाडीवरील मॉक्सी या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात १६ खेपांत एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. एका माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमच्या आसपास लागतो. यंत्र छोटे होते, प्रयोग यशस्वी झाला, हे खरे. परंतु प्रयोग आणि संसार यांत अंतर असते. मंगळाची हवा पृथ्वीसारखी करण्याएवढा कार्बन डायऑक्साइड हाताशी नाही, असे जॅकोस्की आणि एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले.

तेव्हा तुलनेत मंगळ सरस ठरतो, पण तो तळ ठोकण्यापुरता. घर म्हणावे असे दोन्हींत काही नाही. मात्र मुख्य प्रश्न इथेच सुरू होतो. जिथे हवासुद्धा कारखान्यात तयार होईल, तिथे त्या हवेचा मालक कोण?

१९६७ च्या बाह्य अवकाश करारातील कलम २ स्पष्ट आहे. सार्वभौमत्व सांगून, वापर करून वा ताबा घेऊन कोणत्याही राष्ट्राला ग्रहगोल आपला म्हणता येत नाही. कलम ६ प्रमाणे खाजगी कंपन्यांच्या अवकाशातील कृत्यांची जबाबदारी त्यांच्या सरकारांवर आहे. पण पळवाट शोधली गेली. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की जमीन आमची नाही, पण तिच्यातून काढलेले खनिज आणि पाणी काढणाऱ्याचे. १९७९ च्या चंद्र कराराने ग्रहांवरील संपत्तीला मानवजातीचा सामाईक वारसा म्हटले. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, अनुसमर्थन मात्र केले नाही. उलट २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली, ज्यात उत्खनन म्हणजे आपोआप कब्जा नव्हे, असे म्हटले आहे.

स्पेसएक्सच्या स्टारलिंक सेवेच्या २०२० च्या अटींत मंगळ हा 'मुक्त ग्रह' असून पृथ्वीवरील कोणत्याही सरकारचा तिथे अधिकार चालणार नाही, असे लिहिले गेले. त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क म्हणाले की, पैसे नसणाऱ्यांना कर्ज काढून जाता येईल आणि तिथे काम भरपूर असेल. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर याला 'उचल' म्हणतो. उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही, हे तो जाणतो. पण तो निदान फडातून रात्री पळून गावी येऊ शकतो. मंगळावरचा मजूर कुठे पळणार? दाराबाहेर हवा नाही. संप केला तर मालकाला गोळीबाराची गरज नाही, एक झडप बंद केली की पुरे!

आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द केले. तेच तत्त्व अवकाशाच्या कायद्यात आले पाहिजे. श्वासाची हवा, पिण्याचे पाणी आणि परतीचा प्रवास हे पगारातून कापायचे खर्च नसून हक्क आहेत, असे स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला. २०२४ मध्ये शुक्र मोहिमेसाठी १,२३६ कोटी रुपये मंजूर झाले, त्याचेही स्वागत. पण हा पैसा जनतेचा आहे, म्हणून बोलण्याचा अधिकारही जनतेचा आहे. चंद्र कराराला भारताने अनुसमर्थन द्यावे आणि संसदेने अवकाशातील कामगारांच्या हक्कांचा कायदा करावा, ही आमची मागणी आहे. वसाहत उभी राहिल्यावर नियम मागायला गेलो, तर नियम वसाहतवाल्यांचेच असतील.